समुद्रगरुडाचा नेम

हवेतला मासा अचूक पकडणारा गरुड पाण्यातला मासा मात्र हमखास का चुकवतो? सांगा पाहू! २०७० साली भालचंद्र आजोबांनाही हे सांगता येत नव्हतं, आणि ते तर नावाजलेले शास्त्रज्ञ.

खाडीतल्या समुद्रगरुडाच्या पोरक्या पिल्लाला शिकार शिकवायला त्यांनी यंत्रगरुड (पक्ष्यासारखा उडणारा यंत्रमानव) बनवला होता. तो झेपावायचा, पिल्लू त्याची नक्कल करायचं आणि दोघांच्याही पंजात नुसतं पाणी यायचं. आज शेवटचा दिवस. आजही जमलं नाही, तर पिल्लू जन्मभरासाठी शहरातल्या पिंजऱ्यात जाणार होतं.

दुपारची भरती चढली होती. खारफुटी (खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं) उन्हात पेंगत होती. पाण्यात आभाळ उतरलं होतं. आजोबांना घेऊन आपण ढगांवरूनच होडी वल्हवतोय, असं कोळीवाड्यातल्या तांडेलांच्या दहा वर्षांच्या शेवंतीला वाटत होतं.

“आजोबा, ह्या यंत्राला शिकवलंत कुठे?” तिने विचारलं.

“प्रयोगशाळेत. दोरीला मासे टांगून. शंभरपैकी शंभर पकडले पठ्ठ्याने!”

शेवंती खो खो हसली. “सुकत घातलेला मासा कोणपण धरील! आमची आई भाला मारते ना, ती मासा दिसतो त्याच्या खाली मारते.”

“खाली? का बरं?”

“ते मला काय ठाऊक? पण हे वल्हं बघा, पाण्यात मोडल्यासारखं दिसतंय ना?”

आजोबांनी कपाळावर हात मारला. “अपवर्तन (प्रकाशाचं वाकणं)! शिकवून शिकवून केस पांढरे झाले आणि इथे साफ विसरलो! हे बघ, माशाकडून निघालेला उजेड पाण्यातून हवेत येताना वाकतो. डोळ्याला वाटतं, तो सरळच आला. म्हणून मासा असतो त्याहून वर दिसतो.”

त्यांनी घाईघाईने यंत्रगरुडाचा नेम खाली आणला. यंत्रगरुड झेपावला आणि चकाकता बोय मासा घेऊन वर आला.

पिल्लाने ते पाहिलं. ते झेपावलं, चुकलं. पुन्हा चुकलं. शेवंतीला रडूच यायला लागलं. तिसऱ्या वेळी मात्र त्याचे पंजे खोल बुडाले, आणि मासा घेऊन ते खाडीपलीकडे उडालं.

यंत्रगरुड पिल्लामागे निघाला, पण आजोबांनी कळ दाबून त्याला होडीत उतरवलं.

“आजोबा, आपल्या पिल्लाला स्वतःची पिल्लं कधी होतील?”

“चारपाच वर्षांनी.”

“मग त्यांना शिकवायला आणखी एक यंत्र करायचं?”

“छे गं,” आजोबा आभाळाकडे बघत म्हणाले. “त्यांचा बाप शिकवील.”