शुक्रवारचा पेला

आईची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. हजर म्हणजे, सुरुवातीला दाराबाहेर होतो, चपला काढत. आणि शब्दन् शब्द म्हणजे, एक भाग सोडून. तो कुठला ते शेवटी सांगेन. आत्ता सांगितला तर तुम्ही अर्धा चहा टाकून उठाल, आणि चहा मी पाजलाय.

मी दामू. घरं रंगवण्याची कामं घेतो. भिंतीला हात लावून ओल कुठं मुरलीय ते सांगतो, म्हणून आमच्या कामतघर भागात कुणाला घर घ्यायचं असलं की मला बरोबर नेतात. माझा भाचा धम्मपाल आणि त्याची बायको प्रियंका घर शोधत होते तेव्हा तर मी न बोलावताच जायचो. धम्मपाल वळ गावच्या गोदामात सुपरवायझर, प्रियंका लॅबमध्ये रक्त तपासते. दोघांची नोकरी पक्की, पण राहणं भाड्याच्या खोलीत, आणि खोली मालकाला परत हवी होती. दुसरी भाड्यानं बघायला गेलं की आधी गोड हसून विचारायचे, "आडनाव काय तुमचं?" मग दुसऱ्या दिवशी खोली अचानक दिलेली असायची. प्रियंकानं एके दिवशी पर्स आपटली आणि म्हणाली, "मामा, आता घर विकतच घ्यायचं. दारावर आडनाव एवढं मोठं लिहा, की विचारायला तोंडच उघडायला नको कुणी."

पाटी मी रंगवायची, हे तिथंच ठरलं.

आता आमच्याकडचं घर बघण्याचं एक तंत्र ऐका. कामतघरात कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की लूम थांबले तर तान्हं मूल दचकून रडतं. सुट्टी शुक्रवारी. म्हणून एजंट लोक गिऱ्हाईक मुद्दाम शुक्रवारी आणतात. गल्ली गप्प, गिऱ्हाईक खूश. शनिवारी सामान येतं आणि मांडणीवरची भांडी नाचायला लागतात. म्हणून जाणता माणूस चालू दिवशी जातो, पेलाभर पाणी जमिनीवर ठेवतो आणि बघतो. पाणी जितकं थरथरेल तितकं घर हलतंय.

आम्ही गुरुवारी गेलो. नवी बिल्डिंग, पहिला मजला, खाली नुसतं पार्किंग. शेजारच्या शेडमध्ये लूम असे दणाणत होते, की एजंट भाविक काय बोलतोय ते त्याच्या ओठांवरून समजून घ्यावं लागत होतं. मी काचेचा पेला काठोकाठ भरून हॉलच्या मधोमध ठेवला.

पाणी हललं नाही. थरथर सोडा, साधी सुरकुतीसुद्धा नाही. गोठल्यासारखं.

"बघा काका, काय बांधकाम आहे!" भाविक ओरडला.

"बांधकाम आहे की जादू?" मी म्हणालो. पण प्रियंका एव्हाना स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं, की घर ठरलं. पेला तिथंच विसरून आम्ही खाली आलो. टोकन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचं होतं. भाविकनं हळूच ऐकवलं, की शेलार गावची एक पार्टी रांगेत आहे, संध्याकाळ टळली तर घर त्यांचं.

शुक्रवारी दुपारी प्रियंकाला कपाटाचं माप घ्यायचं होतं, म्हणून वॉचमनकडून चावी घेऊन आम्ही तिघं वर गेलो. बाहेर लूम बंद. शुक्रवारची दुपार आमच्याकडे अशी असते, की आपल्याच कानात आपलं रक्त वाहताना ऐकू येतं. रिकाम्या घराचा तो ओल्या चुन्याचा वास होता. आणि त्याच्याखाली आणखी एक, जळक्या तेलाचा. लूमला घालतात त्या तेलाचा.

पेला जिथं ठेवला होता तिथंच होता. प्रियंका टेप घेऊन वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"मामा... पाणी बघा."

पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मधोमध एक बारीक वलय उठायचं, काठाला लागून मरायचं, की लगेच दुसरं. एका तालात.

"ट्रक गेला असेल," धम्मपाल म्हणाला.

"कुठला ट्रक? गल्लीत रिक्षा वळत नाही." प्रियंकानं चप्पल काढली आणि पाय फरशीवर सपाट टेकला. तिची आई चाळीत बसून कांड्या भरायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती संपली की लूम थांबवून दुसरी घालावी लागते. तर ही पोर लूमच्या तालावर वाढलेली. ती म्हणाली, "एकच लूम आहे. खाली चालू आहे."

मी खाली जाऊन आलो. पार्किंगमध्ये प्लास्टिकनं झाकलेली एक बाईक, बाकी काही नाही. खांबाला तळहात लावला, कान लावला. दगड. वर आलो, तर वलयं चालूच.

आणि मग ती थांबली. एकदम. सूत संपल्यावर लूम थांबतो ना, तशी. फरशीखालून, अगदी प्रियंकाच्या पायाखालून, कुणीतरी थकल्या आवाजात म्हणालं,

"कांडी..."

धम्मपाल दाराशी कधी पोचला ते मला दिसलंसुद्धा नाही. हा माणूस अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देतो. आवाज चांगला आहे त्याचा.

"मी भुताबिताला मानत नाही," तो बाहेरून म्हणाला.

"मग आत ये," प्रियंका म्हणाली.

"मानत नाही, पण... शेलारच्या पार्टीला घेऊ दे ना हे घर. आपण दुसरं बघू."

"दुसरं कुठलं? जिथं आधी आडनाव विचारतात ते?"

  तिच्या हातातली टेप सर्रकन आत गुंडाळली गेली आणि तिनं डोळे पुसले. आत्तापर्यंत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. घर हातचं चाललं होतं, आणि माझी पाटीही.

तेव्हा मला रामनाथ आठवला.

"अरे, हा तर रामनाथ!" मी कपाळावर हात मारला. "ही बिल्डिंग व्हायच्या आधी इथं एक शेड होती. त्यात रामनाथ नावाचा कारागीर. एकटा जीव. शुक्रवारी सगळे सुट्टीवर, हा मालकाकडून चावी घेऊन एकच लूम चालवायचा. म्हणायचा, घरी शांततेत झोप येत नाही. गेला तोही लूमशेजारीच, झोपेत, म्हातारा होऊन. देवमाणूस. मुंगी मारली नाही कधी."

"खरंच?" धम्मपालनं दारातून डोकं आत घातलं.

"मी त्याच्या हातचा चहा प्यायलोय."

प्रियंकानं नाक ओढलं, गुडघ्यांवर बसली आणि फरशीला म्हणाली, "रामनाथकाका, आज शुक्रवार आहे. सुट्टी घ्या. आणि आम्ही राहायला येतोय, तेव्हा जरा सांभाळून."

आम्ही कितीतरी वेळ पेल्याकडे बघत होतो. पाणी निश्चल. फक्त त्यावर आता कापसाची बारीक लव तरंगत होती. खिडक्या सगळ्या बंद होत्या.

संध्याकाळी टोकन दिलं. पुढं बुद्धवंदना घेऊन गृहप्रवेश झाला. मी निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत आडनाव असं काढलं, की जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वाचता येतं. प्रियंका मजेत आहे. शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये पेला ठेवते, वलयं उठली की म्हणते, "रामनाथकाका, बस आता," आणि पाणी थांबतं. धम्मपालसुद्धा आता त्याच्या बाजूनं बोलतो. म्हणतो, भाडं देत नाही एवढाच काय तो दोष.

तर आता कबुली. रामनाथ मी बनवला.

तिथं शेड कधीच नव्हती. भाताचं खाचर होतं, मी लहानपणी त्यात खेकडे धरलेत. कारागीर नाही, लूम नाही, चहा तर नाहीच. घर जाऊ नये म्हणून उभ्या उभ्या एक सज्जन भूत रचलं, आणि खरं सांगतो, इतकं चांगलं काम मी भिंतींवरही केलेलं नाही. बाकी सगळं खरं. पाणी खरं, तेलाचा वास खरा, आवाज खरा.

परवाच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. धम्मपाल ड्युटीवर, प्रियंका आत पोळ्या करत होती. पेल्यात वलयं उठायला लागली. मला आपली गंमत वाटली. फरशीजवळ तोंड नेऊन मी हळूच म्हणालो, "काय रामनाथ, बरंय ना?"

वलयं थांबली. जळक्या तेलाचा वास अगदी नाकाशी आला. आणि फरशीच्या पलीकडून, माझ्या तोंडाला तोंड लावल्याइतक्या जवळून, कुणीतरी शांतपणे विचारलं,

"कोन रामनाथ...?"