संताजीचा खटका

राजवीर, तो मोबाइल पालथा ठेव. ऋतिका, दार लोटून घे गं, वारं बोचतंय. आणि मधेमधे "मग काय झालं" करायचं नाही, आधीच सांगतो.

देवासचे मल्हारराव आठवतात ना? टेकडीच्या पायथ्याशी, गच्चीवर बांबूंना तार ताणलेलं घर. त्यांना हॅम रेडिओचा, म्हणजे बिनतारी बोलण्याचा, भारी नाद. रीतसर परवाना काढून, दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या जड पेट्यांवरून रोज रात्री धारच्या संताजीशी गप्पा. घरोघरी मोबाइल आले तरी ह्यांचं आपलं तेच. माणूस इतका सरळ की खोटं बोलायचं म्हटलं तर कपाळाला घाम फुटायचा. त्यांच्याच तोंडून ऐकलंय मी हे, थाप समजू नका.

तर संताजीकडे बोलायची पेटी वेगळी, ऐकायची वेगळी. गच्चीवरची तार मात्र एकच. त्यासाठी भिंतीवर पितळी खटका होता. मूठ वर केली की तार बोलायच्या पेटीला, खाली केली की ऐकायच्या. आणि हा पठ्ठ्या बोलून झालं की मूठ खाली करायलाच विसरायचा! मल्हारराव इकडून घसा फोडताहेत, आणि तो तिकडे ठार बहिरा. "भिया, तुला एक रिले बनवून देतो," मल्हारराव म्हणायचे. "बोलायचं बटण सोडलंस की तार आपोआप ऐकण्याकडे जाईल." म्हणत राहिले. आज करू, उद्या करू.

मग एका पौषातली अमावास्या. रात्री संताजीचा आवाज आला, "मल्हार, छातीत कळ येतेय रे... ऐकतोयस ना?"

"ऐकतोय! मी निघालो, वहिनींना हाक मार!"

"मल्हार... ऐकतोयस ना?"

मूठ वरच राहिली होती. मल्हाररावांनी फोन लावला, तो लागलाच नाही. तशीच गाडी काढली. धारला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि दारात संताजीच्या बायकोनं, जानकीबाईंनी, त्यांना काय सुनावलं असेल? "शेवटपर्यंत तुम्हालाच हाका मारत होते, भावजी. मी उशाशी होते. तुम्ही साधी ओ दिली नाहीत."

मल्हाररावांनी खटक्याचं परोपरीनं सांगितलं. पण त्या बाईला ते कसं पटावं? तिनं तर शांतताच ऐकली होती. मल्हाररावांचं जेवण सुटलं. एकच गोष्ट आतून खात होती. संताजी गेला तो आपल्याला मल्हारनं टाकलं असं समजून गेला.

वर्ष भरत आलं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, पौष वद्य चतुर्दशीला, मल्हारराव धारला निघाले. पिशवीत रिले. भंगारातून आणलेला, घासूनपुसून स्वतः जोडलेला. रिले म्हणजे काय रे, तारेचं वेटोळं आणि पितळेची जीभ. वीज आली की जीभ ओढली जाते, खट्. वीज गेली की सुटते, खट्. विजेशिवाय ती हलत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

जानकीबाईंनी दार उघडलं. "आता कशाला, भावजी?"

"शब्द दिला होता, वहिनी. बसवून जातो."

त्या दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "बसवा. पण त्या खटक्याच्या मुठीला हात लावायचा नाही. त्यांच्या हातानं वर राहिलीय ती."

मुठीवर वर्षाची धूळ होती. मल्हाररावांनी तिला धक्का न लावता खालच्या तारा सोडवल्या, रिलेला जोडल्या. काम होतंय तोवर रात्र झाली, आणि लाइट गेली. सगळी गल्ली काळी. त्यांनी टॉर्च लावला, भिंतीतला प्लग उपसून हातात घेतला. उद्या बघू म्हणाले.

खट्.

त्यांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं. वायर लोंबकळत होती.

पेट्या थंड. व्हॉल्व्हच्या काचेत उजेड नाही. तेवढ्या वेळात एखादं वाक्य बोलून झालं असतं.

खट्.

जीभ सुटली. तार ऐकण्याकडे. आता शांतता... वाट बघणारी.

पुन्हा खट्. पुन्हा तेवढाच वेळ. खट्. शांतता.

तेवढ्याच वेळाचं एक वाक्य मल्हाररावांना पाठ होतं. मल्हार... ऐकतोयस ना?

पळून जावंसं वाटलं. टॉर्च विझला.

दारात जानकीबाई उभ्या होत्या. हातात समई. ती खट्खट् त्यांनीही ऐकली होती. "भावजी... बोला ना. आता ऐकताहेत ते."

मल्हारराव त्या थंड पेटीपुढे वाकले. "संताजी... ऐकतोय रे. त्या रात्रीही ऐकत होतो. ओरडत होतो मी. निघालो होतो, गड्या... तू एकटा नव्हतास..." आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

काही नाही...

बराच वेळ काही नाही.

मग भिंतीकडून आवाज आला. रिलेचा नव्हे. रिलेचा बारीक असतो. हा जड होता. एकदाच.

समई घेऊन बघायची छाती दोघांचीही झाली नाही. जानकीबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "ओ दिली होती तुम्ही," एवढंच म्हणाल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणानं रडल्या.

सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा दोघांनी मिळून भिंतीकडे पाहिलं.

मूठ खाली होती. ऐकण्याच्या बाजूला. आणि वर्षाची धूळ तिच्यावर होती तशीच... बोटाचा एक ठसा नाही.