आवडाबाईचं आगाऊ उत्तर

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाय त्यांनी आत्ताच उठावं आणि पांढऱ्या साडीच्या, उलट्या पायांच्या गोष्टी वाचाव्यात. असल्या वाचकांवाचून माझं काही अडत नाय.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच.

मागच्या मे महिन्यातला रविवार. भर दुपार. चिकलठाणा एमआयडीसीतलं सुट्टीचं, सुनसान ऑफिस.

आत आम्ही दोघंच. मी, आणि तिथं नोकरीला असलेला माझा भाचा सुदर्शन.

सुदर्शनची आई आवडाबाई, माझी थोरली बहीण. दुसऱ्या दिवशी फर्दापूरला तिचं वर्षश्राद्ध होतं. आक्का जात्यावरच्या ओव्या गायची. सुदर्शननं त्या तिच्या हयातीत मोबाइलवर घेतल्या होत्या, आणि उद्या भावकीला ऐकवायच्या होत्या. आक्काच्या आवाजाची दुसरी कुठली खूण आमच्याकडं नव्हती.

आणि त्या ठेवल्या कुठं? क्लाउडमध्ये.

क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, फसू नका. परक्या गावचं भाड्याचं गोदाम. तिथं कंपनीच्या नावाचा कप्पा असतो, त्याला ही पोरं बकेट म्हणतात. फायली टाकायच्या, मागितल्या की परत यायच्या. बस. एवढ्यासाठी इंजिनिअर लागतात.

सुदर्शनचं काम तर त्याहून थोर. गोदाम किती चपळ आहे ते मोजणारी सॉफ्टवेअरची हत्यारं मिळतात. त्यातली तीन ताडून चांगलं कुठलं, ते याला साहेबाला सांगायचं होतं. म्हणजे तराजू तोलायचे, माल नाय. याला पगार मिळतो.

"मामा, बसा जरा. एवढं उरकतो, मग आईच्या ओव्या उतरवून घेऊ," म्हणाला.

पहिलं हत्यार म्हणालं, गोदाम हरणासारखं. दुसरं म्हणालं, म्हैस. गोदाम तेच! एक जण एकेक फाइल मागतो, दुसरा शेकड्यानं हाका मारतो, म्हणून फरक पडतो, असं सुदर्शननं मला समजावलं. मी म्हणालो, बैलबाजारातले दलाल बरे. रुमालाखाली बोटं दाबून का होईना, एका भावावर येतात.

तिसरं हत्यार सगळ्यात शहाणं. फायली टाकणार, परत मागणार, प्रत्येक उत्तराला किती वेळ लागला ते दाखवणार. आणि शेवटी कप्पा झाडून लख्ख करणार.

अख्खा कप्पा.

हे म्हणे त्याच्या सूचनेत वरच लिहिलं होतं. सूचना न वाचणं ही आमच्या घराण्याची रीत. त्यात या दीडशहाण्यानं आईच्या ओव्या साहेबाच्या नजरेला पडू नयेत म्हणून चाचणीच्याच बकेटमध्ये लपवलेल्या.

झाडू फिरला.

सुदर्शननं कप्पा उघडला.

रिकामा.

मोबाइलमध्ये? जागा नाय म्हणून तिथनं कधीच पुसलेल्या.

पोरगं पांढरंफटक पडलं. मी शिव्या दिल्या. मग शिव्याही संपल्या.

शेवटी त्यानं वेड्यागत एक केलं. तिसऱ्या हत्याराला फक्त मागायला लावलं. त्याच ओव्या, त्याच नावांनी. काही नाय, असंच उत्तर यायला हवं होतं.

ओव्या आल्या, असं हत्यार म्हणालं. कप्पा मात्र रिकामाच.

आणि वेळेच्या रकान्यात... उणे.

उणे म्हणजे काय रे, मी विचारलं. त्यानं रकान्यावर बोट ठेवलं.

"मामा, मागायच्या आधी उत्तर आलंय."

मग लगेच स्वतःच म्हणाला की दोन्हीकडची घड्याळं जुळत नसतील. शिकलेल्या माणसापुढं भूत उभं राहिलं, की तो आधी घड्याळ दुरुस्त करायला घेतो.

त्यानं दुसरं हत्यार लावलं.

उणे.

पहिलं लावलं...

उणे.

मघापासून एकमेकांची तोंडं न बघणारी तिन्ही हत्यारं पहिल्यांदाच एका बोलावर आली होती.

माझ्या अंगावर काटा आला तो इथं. कारण आक्का तशीच होती. "आक्का, पाणी..." म्हणेस्तोवर तांब्या पुढ्यात. प्रश्न तोंडात, उत्तर हातात. लई राग यायचा तिचा.

डोक्यावर एसीची घरघर चालली होती. ती हळूहळू जड झाली... दगडावर दगड फिरावा तशी.

मी वर पाहिलं.

एसी बंद होता.

मग ती घरघरही थांबली. बाहेर रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज गेला. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

सुदर्शननं तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत टेबलावरच्या स्पीकरमधून कुणी बोललं...

"नाय रे बाळा. रागावले नाय."

आणि मग त्याच्या तोंडून प्रश्न पडला. "आई, रागावलीस का गं?"

त्यानंतर तो लहान पोरासारखा रडला. मी खिडकीकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी फर्दापूरला लॅपटॉप उघडला. काही नाय. ओवी नाय, उणे नाय. सुदर्शननं भावकीला सांगितलं, स्पीकर बिघडलाय. मी खरं सांगितलं, तर चुलतबहीण कडूबाई म्हणाली, बन्सीनं श्राद्धालासुद्धा थाप सोडली नाय.

म्हणू द्या.

सुदर्शनच्या साहेबानं तिन्ही हत्यारं बाद केली. आकडे चुकीचे देतात म्हणे. गाढव. उभ्या जन्मात ती एकदाच खरं बोलली होती.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण परवा दुपारी मी घरी एकटाच पडलो होतो. टीव्ही बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि उशाशी... घरघर.

दगडावर दगड.

मग अगदी कानाजवळ, ओळखीचा आवाज.

"व्हय, बन्स्या. आता तुझीच पाळी."

मी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी कुणाला काही विचारत नाय. चहा झाला का, एवढंसुद्धा नाय. सून म्हणते, मामंजी हल्ली लई अबोल झाले.

म्हणू द्या.

उत्तर येऊन बसलंय. त्याचा प्रश्न तेवढा... माझ्या तोंडून पडायचा राहिलाय.