बाकाची डावी बाजू

फोटो वाईट येतो तो तोंडामुळे नव्हे, तोंड उन्हात कसं धरलं त्यामुळे, असं ताई छातीठोकपणे सांगायची. स्टुडिओला कुलूप लावून तिने फक्त उघड्यावरचे फोटो काढायचं ठरवलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात एकाही गिऱ्हाइकाने फोटो परत आणला नव्हता. सर्वांत अवघड निवृत्त साहेबलोक. कॅमेरा दिसला की ते झेंड्याच्या काठीसारखे ताठ व्हायचे. ताई त्यांना चष्मा पुसायला सांगायची आणि साहेब काचेवरच्या डागात गुंतले की आपलं काम उरकून घ्यायची.

शनिवारी ती शिकवणी घ्यायची. वजन मागच्या पायावर, हनुवटी जराशी खाली, नजर भिंगात नाही तर भिंगाच्या किंचित बाजूला, हे सगळं ती स्वतः करून दाखवायची. पण तिचा खरा जोर एकाच नियमावर असे. उजेड कुठून येतोय हे कळल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कळत नसेल तर समोरच्याच्या गालाजवळ हात आडवा धरायचा. गाल काळवंडला, तर उजेड हाताच्या पलीकडून येतोय. काळवंडला नाही, तर तो हात आणि गाल यांच्या मधूनच कुठूनतरी येतोय. शिकणारे यावर हसायचे, कारण हात आणि गाल यांच्या मध्ये काय असणार?

पाणी उपसायच्या पंपघरामागच्या बागेत तिला ते बाक सापडलं तेव्हा तिला लॉटरी लागल्यासारखं झालं. दोन माणसांचं लाकडी बाक, मागे सिमेंटची बुटकी करडी भिंत, समोर फरसबंद वाट. संध्याकाळी पाच वाजता ऊन बसलेल्याच्या उजव्या खांद्यामागून यायचं. अशा वेळी चेहऱ्याची डावी बाजू अंधारी पडते, म्हणून तिच्यावर उजेड परतवायला ती पांढरा पुठ्ठा सोबत ठेवायची. पहिल्याच दिवशी तो रिक्षात विसरला आणि तरीही काही बिघडलं नाही. डाव्या गालावर पुसटसा उजेड होता, मऊ, पिकलेल्या लिंबाच्या रंगाचा.

असा रंग कशाने येतो हे तिला पाठ होतं. शेजारी कुणी लाल कपड्यात बसलं की गाल लाल दिसतो. म्हणजे डावीकडे काहीतरी पिवळं हवं. तिने उठून पाहिलं. कापलेलं हिरवं गवत, कचऱ्याची निळी पेटी, पंपघराचं गंजलेलं दार. पिवळं म्हणावं असं औषधालाही नव्हतं. पण फोटो सुरेख आले होते, आणि सुरेख फोटोपुढे ताईचं डोकं जरा कमी चालायचं, हे तिच्या धाकट्या बहिणीचं मत होतं.

दुसरी गोष्ट तिच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. त्या बाकावर बसणारा प्रत्येक जण, तिने काही सांगायच्या आत, उजवीकडे सरकायचा. अगदी कडेला, एक मांडी बाहेर लोंबेपर्यंत. मधे बस म्हटलं की बसायचा आणि दोन मिनिटांत पुन्हा कडेला. बागेच्या माळ्याला तिने हसत विचारलं की बाकाला ढेकूण आहेत की काय.

माळी पाइप गुंडाळत होता. तो म्हणाला, "बाक दोघांचं आहे ना."

"हो, पण बसलेला एकच असतो."

माळ्याने तिच्याकडे न बघता पाइप खांद्यावर टाकला आणि तो झाडांना पाणी घालायला निघून गेला. ताईला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं.

याच सुमारास धाकटीचा प्रश्न ऐरणीवर आला. धाकटी दातांची डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी तिच्या चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावरून वारं गेलं होतं. बरंचसं भरून आलं, पण ओठाचा डावा कोपरा ओघळलेलाच राहिला आणि डावा डोळा पूर्ण मिटेना. रात्री ती पापणीवर चिकटपट्टी लावून झोपायची. दिवसभर लोकांची हसू दुरुस्त करायची आणि स्वतःचं हसू मास्कमागे ठेवायची. तीन वर्षांत तिने एकही फोटो काढू दिला नव्हता. आता तिची मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली होती, तीन वर्षांच्या करारावर, आणि जाताना आईचा एक नवा फोटो मागत होती. धाकटी जुना देते म्हणाली. मुलगी म्हणाली, जुना नको, आत्ताची आई हवी. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

ताईने धाकटीला शब्द दिला. ओघळलेली बाजू सावलीत, तीवर मऊ उजेड, मान एवढीशी वळवलेली. "तुझं तुलाच ओळखू येणार नाही, इतकी छान येशील," ती म्हणाली. धाकटी कशीबशी तयार झाली.

जागा एकच होती. आदल्या रात्री ताईने त्या बाकावरचे सगळे फोटो तारखेप्रमाणे लावले आणि डाव्या गालांवरचा उजेड मोजला. चौथ्या आठवड्यात तो पहिल्यापेक्षा चौपट होता. सातव्यात पुन्हा त्याच्या चौपट. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, हे ती दर शनिवारी फळ्यावर लिहायची. म्हणजे जे काही होतं ते दोनदा निम्म्यावर आलं होतं. सुरुवात सहा फुटांवर धरली, तर आता ते दीड फुटावर होतं. बाकावर.

 मग ऋतू बदलला की उन्हाचा कोन बदलतो, असं तिने स्वतःला ठणकावून सांगितलं आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. तिला तो उजेड हवा होता. बहिणीच्या त्या अर्ध्या चेहऱ्यासाठी याहून चांगला उजेड तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता धाकटी बाकावर बसली. मास्क काढला. आणि लगेच उजवीकडे सरकली.

"मधे बस," ताई म्हणाली.

"इथेच बरंय," धाकटी म्हणाली. "गर्दी नाही होत."

डावा गाल लिंबासारखा उजळला होता. ताईने पुढे होऊन हातभर अंतरावर हात आडवा धरला. गाल काळवंडला नाही.

तिने हात वीतभर अंतरावर आणला.

गाल तसाच.

आता थांबायला हवं होतं. तिच्या कुठल्याही विद्यार्थ्याला तिने इथे थांबवलं असतं. पण धाकटी तिच्याकडे बघत होती, तीन वर्षांनी पहिल्यांदा उघड्या तोंडाने, आणि तिच्या ओठाचा डावा कोपरा हळूहळू वर चढत होता.

ताई मागे आली. तिने बटण दाबलं.

फोटो पाहून ती गाडीत बसून रडली. तिला इतका आनंद झाला होता. हसू सरळ होतं, पूर्ण होतं, दोन्ही बाजूंचं होतं. मुलीने तो फोटो छातीशी धरला आणि आईला घट्ट मिठी मारली. रविवारी ती गेली.

मंगळवारी दुपारी ताई मोठी प्रत चौकटीत बसवून धाकटीकडे घेऊन गेली. धाकटीची तब्येत खुलली होती. ओठ सरळ झालाय, ती म्हणाली, आणि दोन रात्री पट्टीशिवाय झोपलेय. नसा कधीकधी उशिरा जाग्या होतात, असं तिच्या ओळखीचा डॉक्टरही म्हणाला होता. ताईला आपल्या हातगुणाचा अभिमान वाटला. ती चहा करायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत धाकटी खुर्चीतच झोपली होती, चौकट मांडीवर घेऊन.

खिडकी धाकटीच्या उजवीकडे होती. दुसरी खिडकी त्या खोलीला नव्हती. डावा गाल अंधारात असायला हवा होता.

तो पिवळा होता.

ताईने कप खाली ठेवला. डावीकडे भिंत होती, पांढरी, आणि दुसरं काही नव्हतं. तिने हात आडवा धरला. वीतभर. चार बोटं. एक बोट. गाल काळवंडला नाही. तिने वाकून हाताच्या दोन्ही बाजू पाहिल्या. हाताच्या मागच्या बाजूला सावली होती, आणि तळव्यावर, गालाकडच्या बाजूला, मऊ पिवळा उजेड पडला होता.

धाकटीचा श्वास संथ चालू होता. उजवा डोळा मिटलेला होता, ओठाची उजवी बाजू झोपेत सैल पडली होती.

डावा डोळा उघडा होता. हनुवटी जराशी खाली, ओठाचा डावा कोपरा हलकासा वर, आणि नजर ताईकडे नाही, तिच्या किंचित बाजूला. अगदी ती शिकवायची तशी.