आजीबरोबर गेलेलं पान

बावन्न सालचा मे महिना. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक शहरात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी काचेच्या कपाटाला नाक लावून उभी होते, तर मागून आवाज आला, "काच आत्ताच पुसलीय, सिस्टर."

वळले. उंच, बाह्या दुमडलेला, हसू दाबणारा. दुकानात कामाला असलेला, आमच्याच पंथातला एल्डन टटल; आम्ही एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतो.

"मग पुन्हा पुसा, ब्रदर. मला ते छोटं स्तोत्रांचं पुस्तक बघायचंय."

"ते विकलं गेलंय. शनिवारी न्यूयॉर्कला जाणार." मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "का... काय झालं?"

सांगून टाकलं. आम्हा मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा पहिला छापखाना शंभराहून जास्त वर्षांपूर्वी विरोधकांच्या जमावाने फोडला, पानं रस्त्यावर फेकली. त्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं आता औषधालाही सापडत नाहीत. आमच्याकडे ह्याच स्तोत्रांच्या पुस्तकाची एक प्रत होती. आजी गेली तेव्हा आजोबांनी तिच्या आवडत्या स्तोत्राचं पान काढून शवपेटीत तिच्या हातात ठेवलं. शब्द पाठ आहेत, म्हणाले. आता चाल तेवढी आठवते, शब्द गेले. नव्या आवृत्त्यांतून ते स्तोत्रच गाळलंय. रविवारी मँटी गावी तिच्या थडग्यावर फुलं वाहताना त्यांना ते एकदा म्हणायचंय.

एल्डन आत गेला. हात धुऊन आला, कपाट उघडलं.

"उतरवून घ्यायचं नाही, अशी गिऱ्हाइकाची अट आहे. पाठ करायला कोण अडवतंय?"

पुस्तक तळहाताएवढं. त्यात सूर नाहीत, नुसते शब्द. तो वाचत होता, मी आजोबांची चाल गुणगुणत होते... दारातून लायलॅकच्या फुलांचा वास येत होता. दोन कडवी झाली आणि मालक जेवून परतले; पुस्तक कपाटात गेलं.

रविवारी मँटीच्या टेकडीवरल्या दफनभूमीत आजोबांनी टोपी काढली. दोन कडवी आम्ही म्हटली. मग मी थांबले. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मला रडू फुटणार, तेवढ्यात मागून कुणीतरी तिसरं कडवं उचललं—एल्डन, धुळीने माखलेले बूट, बसने आलेला. चौथं, शेवटचं कडवं संपेपर्यंत आजोबांचा हात दगडावरच्या आजीच्या नावावरून हलला नाही.

"कोण गं हा?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"दुकानातला."

"दुकानातला म्हणे. जेवायला थांबव त्याला."

उतरताना मी विचारलं, "मग पहिली दोन का नाही म्हटलीत?"

"पुढची दोन पुस्तक जायच्या आधी पाठ केली. ती पहिली डोक्यात राहिलीच नाहीत." त्याचे कान लाल झाले. "ती वाचताना मी... तुमच्याकडे बघत होतो. आता मला एकट्याला ते पूर्ण कधीच म्हणता यायचं नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं आणि त्याचा हात धरला. "चल, बटाटे गार होतील."