परतीला बाण नसतात

पाऊस तासभर उघडला होता, म्हणून मी फाट्यावरच्या दगडावर सांतियागोच्या तीर्थाला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी पिवळा बाण रंगवत बसले होते. स्पेनच्या या आमच्या पावसाळी गलिसियात तासभर म्हणजे चैनच. मागून कुणीतरी विचारलं, "सांतियागो कुठल्या बाजूला?"

"बाण दिसत नाही?"

"अर्धाच आहे. पुरा होईपर्यंत थांबतो की!"

आणि खरंच पाठीवरची पिशवी उतरवून बसला... एनेको. नवारा प्रांतातला सुतार. बावीस दिवस चालून आलेला, उन्हानं नाकाचं सालटं निघालेलं, फोन मुद्दाम घरी ठेवलेला. मी उगीचच बाणाचं टोक तीनदा रंगवलं.

संध्याकाळी तो आमच्याच धर्मशाळेत उतरला. गावात दुसरी आहेच कुठं? आत्या गेल्यापासून, आठ वर्षं, ती मी एकटीच चालवते. रोज वीसेक यात्रेकरू येतात, सूप पितात, पायाचे फोड दाखवतात, आयुष्याची कहाणी सांगतात आणि सकाळी आठला निघून जातात. नियमच आहे, एकच रात्र. मग घर इतकं गप्प होतं, की चादरी झटकताना मी स्वतःशीच मोठ्यानं बोलते.

जेवणानंतर एनेकोनं माझी डुगडुगती बाकं ठोकून दिली.

"उशिया, तू कधी चालत गेलीस का सांतियागोला?"

"मी गेले तर सूप कोण करणार?"

"म्हणजे सगळ्यांना वाट दाखवायची, आणि आपण—"

"झोप आता. घोरलास तर बाहेर काढीन!"

सकाळी तो दारात घुटमळला. "तीन दिवस जायला, तीन यायला. सातव्या दिवशी इथं असेन. चालतच येईन, शब्द देतो."

"असं सांगणारे खूप पाहिलेत," मी हसत म्हणाले. हसू काही जमलं नाही.

सातवा दिवस गेला. आठवाही. मी स्वतःला मूर्ख म्हणून घेतलं आणि सूप करपवलं.

नवव्या दिवशी दुपारी पाववाल्या मोंचोनं गाडीचा भोंगा वाजवला. "अगं उशिया, तुझा तो सुतार निलगिरीच्या रानात गरगर फिरतोय! सगळे बाण सांतियागोकडे, परत येणाऱ्याला कुठला बाण? वाट विचारली, तर लोकही हसून सांतियागोकडंच बोट दाखवतात. बस म्हटलं गाडीत, तर म्हणे चालतच येणार. दोन दिवस चुकतोय बिचारा!"

मी ॲप्रन काढला, दाराला कुलूप लावलं— तेही यात्रेकरू यायच्या वेळी— आणि धावत सुटले.

रानाच्या कडेला तो दिसला. चिंब भिजलेला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"उशीर झाला," तो ओशाळून म्हणाला.

"मला वाटलं, तूसुद्धा..." मग एकदम बोलूनच टाकलं. "एनेको, माणसांना निरोप देऊन देऊन थकलेय मी. तू जाऊ नकोस."

तो तिथंच ओल्या गवतात बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. चालणारा माणूस मुक्काम आल्याशिवाय कधी बूट काढत नाही.

"अरे वेड्या, घर अजून अर्ध्या तासावर आहे!"

"असू दे," तो म्हणाला. "मी पोचलो."