डावीकडचा वारा

चारुलताचा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला, तो गेलाच. आता ती बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आवाज कुठल्या दिशेने आला हे दोन कानांमुळे कळतं, असं फळ्यावर आकृती काढून मुलांना समजावते. स्वतः मात्र कुणी हाक मारली की चारी बाजूंना बघत बसते. त्याचं दुःख करणं तिने केव्हाच सोडलं होतं.

रविवारी दुपारी धाकटा भाऊ ललित इंदूरहून आला, तो नवा खेळ घेऊन. डोळ्यांवर चढवायचा भलामोठा चष्मा, दोन्ही हातांत धरायच्या मुठी. गल्लीत पॉवरलूमची खडखड चालली होती. आत आई केळ्याचे वेफर तळत होती.

“ताई, एकदम सोपं आहे. दुश्मन दिसला की गोळी मारायची, बस. पण तो दिसायच्या आधी ऐकू येतो. कान लावून ठेव.”

“एकच आहे रे,” ती हसली.

चष्मा चढला आणि खोली नाहीशी झाली.

एका फुटलेल्या यानाच्या काठावर ती उभी होती. खाली क्षितिजापर्यंत तांबूस वाळू. वर कड्यांचा ग्रह, एवढा की तो पुरता बघायला मान मागे टाकावी लागली. अशी कडी तिने फळ्यावर कितीदा तरी काढली होती. आकाश असं अंगावर झुकतं, हे तिला कुठे ठाऊक होतं! हातातली बंदूक ती विसरूनच गेली. डोळे भरून आले.

मग वारा सुटला.

डावीकडून.

भास असेल. कवटीतून उजव्या कानाकडे कंपनं जात असतील. तिने मान वळवली, तसा वारा समोर आला. पुन्हा सरळ केली, तर डावीकडे. इतकी वर्षं भिंत होती तिथे कुणीतरी मैदान उघडून दिलं होतं. त्या मैदानातून, वाळू करकरत, पावलं येत होती.

“ललित, डावीकडून कोणीतरी येतंय.”

“कुठे? तुला दिसतंय तेच मला इथे टीव्हीवर दिसतंय, कोणीच नाही.”

“ऐक ना. पावलं वाजतायत.”

“ताई, आवाज मी अजून चालूच नाही केला. हेडफोन बॅगेतच पडलेत.”

पावलं तिच्याशेजारी येऊन थांबली. कुणीतरी दमल्यासारखा श्वास घेतला.

तिने सावकाश चष्मा काढला.

खोली. दुपारचं ऊन. उजव्या कानात लूमची खडखड.

डाव्या कानात वारा तसाच.

तिने उजवा कान तळव्याने घट्ट दाबला. लूम थांबले. ललितचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. वारा तेवढा येत होता, एवढ्या मोकळ्या जागेवरचा की तिने श्वास रोखून धरला. तिला भीती वाटली नाही. गाभाऱ्यात उभं राहिल्यावर वाटतं, तसं काहीसं वाटलं.

पावलं पुन्हा निघाली. आता फरशीवर, पण वाळू करकरतच. तिला ओलांडून ती स्वयंपाकघराकडे गेली.

आत आईने हातातला झारा कढईवर धरला, मागे न बघताच पदर सावरला, आणि कुणाला तरी जायला वाट द्यावी तशी ती ओट्याला चिकटून उभी राहिली.